गुलाम, पोऱ्या आणि युवक

(द्वितीय वर्ष, कला)

पत्त्यांच्या कॅटात चार गुलाम असतात. एक्का, राजा आणि राणी यांच्या खालोखाल त्यांचा मान. आमच्या भाट्यात गणपतीच्या दिवसांत रात्र रात्र पत्ते चालतात, आणि लहान मुलांचा ठरलेला डाव म्हणजे गुलामचोर. शेवटी ज्याच्या हातात जोडीवाचून गुलाम उरतो तो चोर. त्याला सगळ्यांनी मिळून चिडवायचे, एवढाच तो खेळ. पण हा पत्ता एकदा निरखून पाहावा. राजाला भरघोस दाढी आहे. गुलामाला दाढी नाही. त्याच्या पायांत बेड्या नाहीत, हातांत साखळदंड नाही. मानेवर रुळणारे केस, अंगावर नक्षीचा अंगरखा, असा तो एक कोवळा, नटलेला पोरगा आहे. गुलाम म्हटल्यावर जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, त्याच्याशी हे चित्र मुळीच जुळत नाही.

याचे उत्तर शब्दांत आहे. या पत्त्याला इंग्रजीत पूर्वी 'नेव्ह' म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ मुलगा. त्याचा भाऊ शोभणारा 'क्नाबे' हा जर्मन शब्द आजही मुलगा याच अर्थाचा आहे. इंग्रजीत मात्र आधी मुलगा, मग नोकर, मग लबाड माणूस, अशा पायऱ्या तो शब्द उतरत गेला. आणि नवल असे, की आपला गुलामही अशीच पायरी उतरून आलेला आहे. हा शब्द मराठीत फारसीतून आला, फारसीत तो अरबीतून आला, आणि अरबीत त्याचा पहिला अर्थ दास असा नाहीच. पहिला अर्थ आहे मुलगा. ओठावर मिसरूड फुटू लागलेला तरुण.

ग्रंथालयात कोश चाळता चाळता हे कळले, तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. माझे वय एकोणीस. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले तर मीही गुलामच, आणि आपल्या वर्गातले सगळेच मित्र गुलाम!

खाडीपलीकडच्या राजिवड्याचा माझा एक वर्गमित्र आहे. त्याला हे सांगितले तर त्याला काहीच नवल वाटले नाही. त्याच्या पणजोबांच्या नावाची सुरुवातच गुलाम अशी होती. ईश्वराचा किंवा एखाद्या थोर पुरुषाचा सेवक, या अर्थाने ते नाव ठेवतात. आपल्याकडे रामदास, तुळशीदास ठेवतात तसेच. मग त्याने मला कुराणातली युसुफची गोष्ट सांगितली. भावांनी युसुफला विहिरीत टाकून दिले होते. वाटेने एक काफिला आला, पाणी काढणाऱ्याने बादली सोडली, आणि पाण्याऐवजी एक मुलगा वर आला. तो माणूस आनंदाने ओरडला. त्या जागी मुलगा या अर्थाचा जो शब्द आहे तो गुलाम. पुढे त्याच मुलाला विकाऊ माल म्हणून लपवून ठेवले आणि थोडक्या दिरहमांना तो विकला गेला. मित्राने गोष्ट सहज सांगितली. मला मात्र वाटले, की या एका शब्दाचा सगळा इतिहास त्या गोष्टीत आहे. विहिरीतून वर येताना युसुफ पहिल्या अर्थाने गुलाम होता. बाजारात उभा राहिला तेव्हा दुसऱ्या अर्थाने. मुलगा तोच, आणि शब्दही तोच.

मराठीत आपण हा पहिला अर्थ पार विसरलो. दिल्लीच्या गुलाम घराण्याचा (१२०६ ते १२९०) धडा शिकताना कुतुबुद्दीन ऐबक लहानपणीच विकला गेला होता हे आपण वाचतो. पण त्या नावातच लहानपण आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही. जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना ते त्यांनी अर्पण केले आहे. तोवर मराठीत हा शब्द केवळ दास्याचा झाला होता.

अरबीची एक वडील बहीण म्हणावी अशी भाषा म्हणजे अरामी. ही येशू ख्रिस्ताची बोली, आणि त्याच्याही आधी इराणच्या सम्राटांच्या कचेऱ्यांची भाषा. आपल्याला ती अगदीच परकी नाही. सम्राट अशोकाने कंदाहारला लेख कोरविला तो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. या अरामीत तरुणाला 'अलैमा' म्हणत. गुलाम आणि अलैमा यांचे मूळ एकच. अरबीतला घशातून काढलेला 'ग' अरामीत विरून गेला, एवढाच फरक. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली, एका इराणी सुभेदाराची कातड्यावर लिहिलेली अरामी पत्रे इजिप्तमधून मिळाली आहेत. त्यांत हाच शब्द नोकरांसाठी आला आहे. प्रवासाला निघालेल्या कारभाऱ्याला वाटेत रोज किती शिधा द्यावा आणि त्याच्याबरोबरच्या नोकरांना किती, याचा हुकूम त्यांतल्या एका पत्रात आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच 'तरुण' हा शब्द साहेबाच्या मागून सामान घेऊन चालू लागला होता!

अरामीत मुलासाठी आणखी एक शब्द आहे, 'तल्या'. त्याचे अर्थ पाहिले तर मन हलते. कोकरू, मुलगा आणि नोकर. तिन्ही एकाच शब्दात. आपणही लहान मुलाला लाडाने कोकरू म्हणतो, पाडस म्हणतो. तेव्हा पहिल्या दोन अर्थांचे नाते समजायला वेळ लागत नाही. तिसरा अर्थ तिथे कसा आला हे मात्र विचार करायला लावते. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'तलीथा'. ते बायबलात मार्कच्या शुभवर्तमानात आहे. बारा वर्षांची एक मुलगी गेली म्हणून घरात रडारड चाललेली असते. येशू आत जातो, तिचा हात धरतो आणि तिला ऊठ म्हणतो. ते शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलेले आहे. पण एवढे शब्द मात्र लिहिणाऱ्याने येशूच्या तोंडचे, अरामीतलेच ठेवले. मराठी बायबलातही 'तलीथा' हा शब्द तसाच राहिला आहे. काही हाकांचे भाषांतर करायला हात धजत नसावा.

एका भाषेत असे घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण ग्रीकांचा 'पैस' म्हणजे मुलगा आणि दासही. फ्रेंचांचा 'गार्सां' म्हणजे मुलगा, आणि हॉटेलात ताट आणून देणाराही. हिंदीतला छोकरा तसाच. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरचा बॉय पिकल्या केसांचा असला तरी बॉयच. आणि आपल्या मराठीत? 'पोर' या शब्दापासून पोरगा, पोरसवदा, पोरकट असे कितीतरी शब्द झाले, आणि त्यांतच पोऱ्या. चहाच्या दुकानातला पोऱ्या, गॅरेजमधला पोऱ्या. गडी म्हणजे खेळातला सवंगडी, रांगडा पुरुष, आणि बागेतला रोजंदारीचा माणूसही. आमच्या रत्नागिरीतून मुंबईला घरकामाला गेलेल्या माणसांना तिकडे बाल्या म्हणत. कानातल्या बाळीवरून ते नाव पडले असे सांगतात; पण ते उच्चारताना मोठ्या बाप्याला बाळ केल्यासारखेच वाटते. एवढ्या भाषांनी एकमेकींना विचारून हे ठरवले नसणार.

मला याचे कारण असे दिसते. कोणत्याही घरात पाणी आणायचे झाले, निरोप द्यायचा झाला, तर हाक सर्वांत धाकट्याला जाते. धावायला त्याचे पाय असतात, आणि नाही म्हणायला त्याला तोंड नसते. म्हणून तरुण म्हणजे ज्याला धाडता येते तो. इथपर्यंत त्यात वाईट काही नाही. आपण सगळेच असे धावलो आहोत. पण आपल्या घरात जो धावतो तो हळूहळू मोठा होतो, आणि एक दिवस दुसऱ्याला धाडू लागतो. परक्याच्या घरात धावणारा मोठा होतच नाही. त्याच्या गुडघ्यांचे वय वाढते, हाकेचे वाढत नाही. एकासाठी तरुणपण ही पायरी असते, दुसऱ्यासाठी ती जागा होते.

हे मी कोशातून शिकलो नाही. आमच्या घरात हा शब्द कसा आला ते सांगतो. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातल्या कितीतरी चुली त्या पगारावर पेटत, त्यांतली एक आमची. आजोबा काही दिवसांसाठी म्हणून भाट्याला आले ते परत कामावर गेलेच नाहीत. तीन वर्षे उसनवारीत गेली. १९८५ साली माझ्या बाबांना, सहावी अर्ध्यावर सोडून, गावातल्या एका माणसाबरोबर मुंबईला पाठवले. गिरगावातल्या एका हॉटेलात ते पोऱ्या म्हणून लागले. तेव्हा ते बारा वर्षांचे होते.

पहाटे चारला उठायचे, भट्टी पेटण्याआधी बाकडी पुसायची, कपबशा विसळायच्या, आणि तारेच्या जाळीत ग्लास अडकवून आजूबाजूच्या चाळींत चहा पोचवायचा. रात्री त्याच बाकड्यांवर झोपायचे. बारक्या, पोऱ्या, छोटू, ही तिथली नावे. मी बाबांना एकदा विचारले, तुम्हाला पोऱ्या म्हणत त्याचे वाईट वाटत नव्हते का? बाबा म्हणाले, "वाईट कसलं? गिऱ्हाईक टेबलावर चाराने आपटायचा. त्या आवाजावर धावायचं. त्यापरास कोनी पोऱ्या म्हटलं तर बरं वाटायचं. मानसाला मारल्यासारकी हाक तरी ती!"

यावर मला काही बोलता आले नाही. मी ज्या शब्दाला अपमान समजत होतो तो बाबांना नाण्याच्या आवाजाहून माणुसकीचा वाटत होता.

आता एक जुळणी पाहा. ते १९८५ साल संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय युवक वर्ष म्हणून पाळले होते. भारतात त्याच वर्षापासून १२ जानेवारी, स्वामी विवेकानंदांची जयंती, राष्ट्रीय युवक दिन म्हणून साजरी होऊ लागली. पंधरा ते चोवीस वयाच्या माणसाला युवक म्हणावे, असा राष्ट्रसंघाचा हिशेब आहे. त्या हिशेबाने १९८८ सालापासून माझे बाबाही युवक होते. १९९३ साली वीस वर्षांचे होऊन ते गावी परत आले, तोवर त्यांतली पाच वर्षे संपली होती. त्या पाच वर्षांत हा शब्द त्यांच्यासाठी कोणी एकदाही उच्चारला नाही. गावी आल्यावर ते माडावर चढून नारळ पाडू लागले, लोकांच्या बागांत आंब्याच्या दिवसांत कामाला जाऊ लागले. तिथे ते गडी झाले. पोऱ्याचा एकदम गडी. मधली एक पायरी कोणीतरी काढून घेतली होती.

ती पायरी मला मिळाली आहे. महाविद्यालयात पाऊल ठेवल्याबरोबर मी युवक झालो. युवा महोत्सव, युवक दिन, युवाशक्ती! सूचनाफलकावर हा शब्द आठवड्यातून एकदा तरी असतोच. मागे राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही भाट्याची पुळण साफ केली. सुरूच्या बनापासून झरी विनायकाच्या बाजूपर्यंत बाटल्या, पिशव्या, नारळाच्या करवंट्या गोळा केल्या. आमचा फोटो निघाला, प्रमाणपत्रे मिळाली, भाषणात आम्हाला देशाचे भवितव्य म्हटले. तिथेच एका टपरीवर माझ्याच वयाचा एक मुलगा चहाचे ग्लास धुऊन टपरीपुढची वाळू झाडत होता. ती तो रोज झाडतो. चहा सांगताना आमच्यातल्या कोणी तरी त्याला हाक मारली, "ए पोऱ्या, आठ कटिंग!" आम्ही एक सकाळ झाडून युवक होतो. तो रोज झाडून पोऱ्या होता. सेवा दोघांनीही केली होती, आणि वयही दोघांचे तेच होते.

कायदा काही करत नाही असे मी म्हणणार नाही. बालमजुरीविरुद्धचा कायदा १९८६ साली झाला. हॉटेलात, खानावळीत आणि घरकामाला चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. माझा जन्मही २००६ सालचा. बाबांच्या आणि माझ्या बालपणात जो फरक आहे त्यात या तारखांचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु कायदा मुलाला कामावरून काढू शकतो. तो कामातून गेलेल्या माणसाला त्याचे वय परत देऊ शकत नाही. ते काम हाक मारणाऱ्यांनी करायचे असते.

आणि शब्द नेहमी खालीच उतरतात असेही नाही. संस्कृत नाटकांत चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. प्राकृतात चेड म्हणजे मुलगा. याच कुळातला म्हणून सांगतात तो शब्द आमच्या आत्याच्या सासरी, मालवणकडे, अजून रोजच्या बोलण्यात आहे. चेडू, म्हणजे मुलगी. आत्या आपल्या लेकीला 'गे चेडवा' अशी हाक मारते तेव्हा त्यात दासीचा मागमूसही नसतो. नाटकातली दासी कोकणात येऊन लाडकी लेक झाली! शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त स्थावरक नावाचा एक चेट आहे. वसंतसेनेला ठार मार, असे त्याचा धनी शकार त्याला सांगतो, सोन्याची लालूच दाखवतो, मारतो. स्थावरक नाही म्हणतो. पुढे त्याला बेड्या घालून माडीवर कोंडले तर तो खरे सांगण्यासाठी वरून उडी टाकतो. नाटकाच्या शेवटी त्याची दास्यातून सुटका होते. ज्याला नुसते धाडायचे, तो ज्या दिवशी नाही म्हणतो त्या दिवशी तो मोठा होतो, असे मला ते वाचून वाटले.

आमच्या शेजारच्या बागेत राखणीला नेपाळहून आलेला एक मुलगा आहे. तो एकोणीस वर्षांचा, माझ्याएवढाच. वाडीतले सगळे त्याला बहादूर म्हणतात. ते त्याचे नाव नाही. त्याच्याकडून मला कळले, की त्यांच्या भाषेत मुलाला केटा म्हणतात, आणि घरी कामाला ठेवलेल्यालाही केटाच. ते सांगून तो हसला. मी माझी यादी काढली आणि तिच्यात एक शब्द वाढवला. बाबा मात्र त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात. ते नाव त्यांच्या जिभेवर नीट बसत नाही, दर वेळी वेगळेच काहीतरी होते. तरीही ते तेच घेतात, आणि तो मुलगा ओ देतो.

आई मला सकाळी उठवते ते "ऊठ रे पोऱ्या, गाडी जाईल," असे म्हणून. गिरगावातल्या हॉटेलात पहाटे चार वाजता बाबांना उठवत तेही "ऊठ रे पोऱ्या" असेच. शब्द तेच आहेत. त्या बारा वर्षांच्या मुलीला ऊठ म्हणणाऱ्याच्या तोंडी जो शब्द होता, त्याच्याच कुळातल्या शब्दाने त्याच देशात कोणी आपल्या नोकरालाही उठवीत असेल. शब्दात दोष नाही आणि पुण्यही नाही. उठवणाऱ्याला त्या मुलाचे पुढे काय व्हायला हवे आहे, त्यावर सगळे आहे.

हा अंक छापून आला की मी हा लेख घरी वाचून दाखवणार आहे. अरबी, अरामी ऐकताना बाबांना जांभया येतील. गिरगावच्या हॉटेलापाशी आलो की ते मान वर करतील, आणि हे सगळे छापायची काय गरज होती, असे म्हणतील. तेव्हा मी त्यांना सांगेन, की ज्या वर्षी जगाने युवक वर्ष पाळले त्या वर्षी तुमचे नाव कुठे नोंदायचे राहून गेले होते. ते नोंदवायला उशीर झाला, पण घरात लिहिता येणारे माणूस आत्ताच तयार झाले.